जुन्या वॅगनआरचा अलार्म आणि 'हॉर्न ओके'

आमची वॅगनआर २००८ ची, सेकंडहँड घेतलेली. पहिल्या मालकाने त्यात बाहेरून रिमोटवाला अलार्म बसवून घेतला होता, सेंट्रल लॉकिंगही त्याच डब्यावर चालतं. इतकी वर्षं बिचारा गप्प होता, यंदा जुलैत एका रात्री दोन वाजता बोंबलायला लागला. रिमोट दाबला की गप्प, वर येऊन आडवं झालं की परत सुरू. तिसऱ्यांदा खाली गेलो तेव्हा पहिल्या मजल्यावरच्या काकू गॅलरीत उभ्या. काही बोलल्या नाहीत, नुसत्या बघत होत्या, ते जास्त लागलं.

मग मी हुशारी केली, बॉनेट उघडून बॅटरीची निगेटिव्ह काढली. तर भोंगा अजूनच पेटला! नंतर कळलं की काही सायरनच्या पोटात स्वतःची छोटी बॅटरी असते, मेन सप्लाय तुटला की त्याला वाटतं चोराने वायर तोडली. असा सायरन बंद करायला त्यालाच एक छोटी किल्ली असते. आमची किल्ली गाडीच्या कागदांसोबत आली होती आणि आम्ही ती सुटकेसची समजून किल्ल्यांच्या डब्यात टाकलेली. त्या रात्री टर्मिनल परत जोडलं, दार लॉक न करता गाडी तशीच ठेवली आणि झोपलो.

रिमोटचा सेल बदलला, चारही दारं नीट आपटून लावून बघितली, बॅटरी मीटरवर १२.६ व्होल्ट दाखवत होती म्हणजे ठणठणीत. त्यात काही नाही निघालं.

आता मुख्य प्रकार. शनिवारी गाडी कंपनीच्या वर्कशॉपला नेली (नाव लिहीत नाही, माझीच डोकेदुखी वाढेल). काउंटरवरच्या मुलाला सगळं सांगितलं, रात्री वाजतो, आपोआप वाजतो, अलार्म आहे. तो मान डोलावत टॅबवर टाइप करत होता. मी एसीत चार तास बसलो, मशीनची दोन कप कॉफी झाली, टीव्हीवर एकच बातमी सहा वेळा बघितली. गाडी आली, जॉबकार्ड हातात आलं. तक्रारीच्या रकान्यात लिहिलंय 'हॉर्न नॉइज'. आणि त्यापुढे शेरा, 'हॉर्न ओके'. म्हणजे यांनी चार तासात माझा हॉर्न वाजवून बघितला! म्हटलं अरे बाबा हॉर्न नाही, अलार्म, तर म्हणे "सर, तो प्रॉब्लेम पुढच्या वेळी लिहावा लागेल, हे कार्ड क्लोज झालं."

पुढच्या शनिवारी परत. यावेळी मी टॅबवर डोळा ठेवून अक्षर अक्षर लिहून घेतलं. दोन तासांनी सीनियर अॅडव्हायझर आले, "सर, हे बाहेरचं फिटिंग आहे, याला आम्ही हात लावत नाही." मग गेल्या शनिवारी का नाही सांगितलं? त्यावर उत्तर नाही. वर स्कॅनर लावला होता, त्याचे पैसे. आता मला सांगा, बाहेरून बसवलेला अलार्म गाडीच्या कॉम्प्युटरला ठाऊकच नसतो, तो स्कॅनरवर दिसणार कसा? आणि बॅटरी बदलून बघा असा सल्ला, ज्या बॅटरीचं व्होल्टेज मी त्यांना आधीच सांगितलं होतं. त्यांच्या शेडमध्ये अर्थातच एकदाही वाजला नाही. "इथे तर काही वाजत नाही सर," हे वाक्य मी दोन शनिवारात किमान पाच वेळा ऐकलं. मी नाराज दिसलो म्हणून जाताना फुकट वॉशिंग करून दिलं, बॉनेटखाली पण प्रेशरने पाणी मारून.

आणि त्या फुकटच्या वॉशिंगनेच काम झालं. घरी आलो, त्या दिवशी पाऊस अजिबात नव्हता, आकाश कोरडं. गाडी लॉक करून वर आलो, अर्ध्या तासात भोंगा. खाली गेलो तर वॉचमन मामा म्हणाले, "साहेब, हिला पाणी लागलं की वाजती. पावसात पण तसंच." मामांना हे आठवडाभर माहीत होतं, मी विचारलंच नव्हतं!

बॉनेटच्या कडेला एक स्प्रिंगची दांडी असलेला स्विच असतो, बॉनेट बंद झालं की दांडी खाली दबते आणि सर्किट तुटतं, उघडलं की वायरला बॉडीचं अर्थिंग मिळतं आणि अलार्म समजतो कोणीतरी बॉनेट उचललं. आमच्या स्विचमध्ये हिरवट गंज धरला होता, पाणी शिरलं की दांडी दबलेली असूनही अर्थिंग मिळायचं. मी त्याची एकच वायर उपटली, टोकाला टेप मारला आणि बाटलीभर पाणी ओतून तासभर गाडीजवळ मोबाईल बघत उभा राहिलो. चूं नाही. एवढा आनंद मला गाडी घेतली तेव्हा पण झाला नव्हता.

रविवारी नाना पेठेत जाऊन नवा स्विच आणला, शंभराच्या आत. बसवताना बॉडीवरचा गंज पॉलिश पेपरने घासा नाहीतर अर्थिंग नीट लागत नाही. वायर नुसती उपटून कायम ठेवू नका, मग बॉनेट उघडलेलं अलार्मला कळणारच नाही. दारांनाही तसलेच स्विच असतात, तुमचा पावसात नाही पण दार हलवल्यावर वाजत असेल तर तिकडे बघा. ट्रक गेला की वाजत असेल तर शॉक सेन्सर (हादरा ओळखणारा), त्याची सेन्सिटिव्हिटी कमी करायचा छोटा स्क्रू बहुतेकांना असतो.

हो, रिमोटच्या सेलचं राहिलं. १२ व्होल्टचे दोन सेल उंचीला सारखेच दिसतात, २३ए जाडा आणि २७ए बारीक, मी पहिल्यांदा चुकीचा आणला. जुना सेल सोबत न्या.

बायको म्हणते काढूनच टाक तो अलार्म. पण त्याच्या रिलेमधून (विजेवर चालणारा स्विच) इग्निशनची वायर कापून नेलेली आहे, डबा नुसता उपटला तर गाडीच स्टार्ट होणार नाही, त्या वायरी परत जोडून द्याव्या लागतात. वायरिंगवाल्याने त्यासाठी अख्खा दिवस गाडी सोडायला सांगितलंय, आणि गाडी कुठे सोडायची म्हटलं की मला अजून ती कॉफी आठवते.