तुम्ही विचारलंत म्हणून: खरे गरीब किती?

नागपुरातल्या नंदनवनात माझं सेवा केंद्र आहे. उत्पन्नाचे, जातीचे, अधिवासाचे दाखले, रेशनकार्डाचे अर्ज, शाळा-कॉलेजं उघडली की शिष्यवृत्त्या. लग्नाच्या पंगतीत असो की फिरायला गेल्यावर, मी काय करतो हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "तुमच्याकडे येतात त्यांच्यात खरे गरीब किती असतात हो?" लाडकी बहीण आल्यापासून तर फारच. विचारणाऱ्याला उत्तर ठाऊक असतं, फक्त ते माझ्या तोंडून ऐकायचं असतं.

मी आधी विचारतो, कोणत्या खिडकीवरचा गरीब? अन्न सुरक्षा कायदा आला तेव्हा शहरातल्या प्राधान्य कुटुंबासाठी, म्हणजे स्वस्त रेशन मिळणाऱ्या घरासाठी, राज्याने वर्षाला 59 हजारांची मर्यादा घातली. आरटीईतून, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याखाली, पोराला खासगी शाळेत घालायचं तर दुर्बल घटकाला 1 लाख. लाडक्या बहिणीला अडीच लाख. आणि 2019 पासून खुल्या प्रवर्गाला जे 10 टक्के आरक्षण आहे, त्यात 8 लाखांच्या आतला तो आर्थिकदृष्ट्या दुर्बल, म्हणजे ईडब्ल्यूएस. म्हणजे महिन्याला साठ-पासष्ट हजार कमावणारं घर दुर्बल, आणि धुणीभांडी करून सहा हजार मिळवणारी एकटी बाई रेशनच्या मर्यादेबाहेर. दोघांचे अर्ज मी एकाच दिवशी भरलेत. यांतल्या पहिल्याला "खरा का?" असं कोणी विचारत नाही.

ते 59 हजार जरा भागून बघा. पाच माणसांच्या घरात डोई दिवसाला 32 रुपये. 2011 मध्ये योजना आयोगाने सुप्रीम कोर्टात शहरातली दारिद्र्यरेषा नेमकी 32 रुपयेच सांगितली होती, तेव्हा देशभर केवढी ओरड झाली! आकडे जुळले हा योगायोग असेल. पण जुळले.

बरं, रेघ कुठेही ओढा, तिच्यापाशी माणूस उभा कसा करणार? पगारदाराचं सोपं, फॉर्म 16 लावला की झालं. सकाळी ठिय्यावर उभं राहून काम शोधणाऱ्याचं काय? मागे एक रंगकाम करणारा आला होता, पोरीच्या शिष्यवृत्तीसाठी दाखला काढायला.

"वर्षाचं उत्पन्न किती लिहू?"

"तुम्हीच लिहा जी भाऊ."

"तरी?"

"काम लागलं त सातशे भेटते. नाही लागलं त डबा घेऊन वापस."

मग बसून हिशेब केला. दिवाळीच्या आधी रोज काम, रात्रीसुद्धा. पावसाळ्यात हप्त्यातून एखाद-दोन दिवस. उन्हाळ्यात सासरे गेले तेव्हा गावाला, तो महिना कोरा. शिडीवरून पडला ते पंधरा दिवस त्याला आठवतच नव्हते, बायकोने आठवण करून दिली. शेवटी आम्ही तिघांनी मिळून एक आकडा काढला. पुढे स्वयंघोषणापत्र, तलाठ्याचा अहवाल, तहसीलदारांची सही, सगळं रीतसर झालं. पण तो आकडा जन्मला माझ्या टेबलावर. त्याला खोटा म्हणवत नाही आणि छातीठोकपणे खराही म्हणवत नाही.

कमाई तुटपुंजी असते हे सगळ्यांना दिसतं. ती कधी येईल याचा नेम नसतो, हे त्याहून महाग पडतं. किराणा रोजचा रोज, तेल दहा रुपयांचं. मायक्रोफायनान्सचा हप्ता मात्र ठरल्या वारी. तिथे आणखी एक रेघ: रिझर्व्ह बँकेच्या 2022 च्या नियमांनुसार घराचं उत्पन्न 3 लाखांपर्यंत हवं, आणि सगळे हप्ते मिळून उत्पन्नाच्या निम्म्याच्या आत. त्यामुळे एका दाखल्यावर आखडलेलं उत्पन्न कर्जाच्या अर्जात फुगलेलंही मी पाहिलंय.

याच शहरात 1877 साली जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली, आणि 1886 मध्ये तिथे कामगारांसाठी पेन्शन फंड आला. गिरणी कामगार काही श्रीमंत नव्हता. पण पगाराची तारीख त्याला आणि किराणेवाल्याला, दोघांनाही पाठ असायची, म्हणून महिन्याचं खातं चालायचं. आता त्या जागेवर मॉल आहे. तिथे सामान उचलणाऱ्या, झाडू मारणाऱ्या पोरांचं खातं कोणता किराणेवाला चालवेल, कुणास ठाऊक.

खोटे दाखले नसतात असं मी म्हणणार नाही. असतात. पण खोटेपणा करायला आधी लपवण्यासारखं काही लागतं! आपल्या नागपुरात पैसा ठेवतात प्लॉटमध्ये. बेसा, वर्धा रोड, जिथे मिळेल तिथे. प्लॉटची किंमत चौपट झाली तरी विकेपर्यंत ते उत्पन्न नव्हे, म्हणून दाखल्यावर त्याचा मागमूस नाही. विषमतेचा अभ्यास करणाऱ्या वर्ल्ड इनइक्वॅलिटी लॅब या संस्थेच्या अंदाजाप्रमाणे 2022-23 मध्ये देशातल्या वरच्या 1 टक्क्याकडे उत्पन्नाचा 22.6 टक्के वाटा होता आणि संपत्तीचा 40.1 टक्के. आम्ही दाखले देतो ते उत्पन्नाचे. केंद्राच्या ईडब्ल्यूएसला मात्र शहरातला प्लॉट आडवा येतो, 100 चौरस यार्ड, म्हणजे 900 चौरस फूट झाला की बाद.

परवा एका गृहस्थांना हे सगळं असंच सांगितलं. त्यांनी मान डोलावली, मग आवाज खाली आणून विचारलं, "पोराच्या ईडब्ल्यूएसला काय काय कागद लागतील? आणि प्लॉट बायकोच्या नावावर असला तर चालतो का?"

नाही चालत, म्हटलं. कुटुंबाचा म्हणूनच धरतात.