रामपुरा-आगुचा: जस्ताच्या खाणीच्या डोक्यावर जस्त नाही

राजस्थानच्या भिलवाडा जिल्ह्यातलं रामपुरा-आगुचा आज जगातल्या मोठ्या जस्तखाणींत मोजलं जातं. 1977 साली राज्याच्या खाण व भूविज्ञान विभागाने हा साठा शोधला, तेव्हा जमिनीवर दिसत होता तो साठ्याच्या माथ्यावरचा कुजलेला, गंजक्या रंगाचा दगड, म्हणजे गॉसन, आणि जोडीला जुनं खोदकाम.

गॉसनमध्ये जस्त शोधत बसू नये. पायराइट (लोखंड-गंधकाचं खनिज) हवापाण्याने कुजला की सल्फ्युरिक आम्ल सुटतं. जस्ताचं सल्फेट त्यात विरघळून वाहून जातं, शिशाचं मात्र जवळपास विरघळत नाही. म्हणून माग काढायचा तो शिशाचा आणि चांदीचा. नमुना हातोड्याने आतून फोडून घ्यावा. वरच्या काळ्या मँगनीजच्या पापुद्र्याला आजूबाजूचं जस्त येऊन चिकटतं आणि आकडा फुगतो. फोडलेल्या तुकड्यात चौकोनी घरांची जाळी दिसली, तर तिथे एके काळी गॅलेना, म्हणजे शिशाचं खनिज, होता असं समजावं. साध्या जांभ्यात अशी जाळी मिळत नाही.

दुसरा चकवा ग्राफाइटचा. इथलं धातुक (धातू देणारा दगड) ग्राफाइट-अभ्रक-सिलिमनाइटच्या नाइस खडकात आहे. ग्राफाइटमधून वीज सहज वाहते, स्फॅलेराइटमधून, म्हणजे जस्ताच्या खनिजातून, जेमतेम. त्यामुळे विद्युत सर्वेक्षणात ठळक उठलेला पट्टा नुसत्या ग्राफाइटचाही निघू शकतो. अशा वेळी गुरुत्वमापन कामी येतं: ग्राफाइटची घनता सुमारे 2.2, स्फॅलेराइटची 4.

बोअर थराला शक्य तितका काटकोनात छेदणारा, तिरपा घ्यावा. 60 अंशांनी कललेल्या थरात उभा बोअर मारला, तर 10 मीटरचा थर गाभ्यात, म्हणजे बोअरमधून निघालेल्या दगडाच्या कांडीत, 20 मीटर भरतो. साठ्याचे आकडे बिघडतात ते बऱ्याचदा इथेच.

जुन्या खाणकऱ्यांनी इसवी सनापूर्वीच इथलं शिसं आणि चांदी उचलली होती. जस्त सोडलं, कारण उघड्या भट्टीत ते 907 अंश सेल्सिअसला वाफ होऊन उडून जातं. ती वाफ धरायची बंद मुशीची युक्ती पुढे राजस्थानातच उदयपूरजवळच्या जावरला साधली.

1991 पासूनच्या आधुनिक खाणीला जवळपास 13 टक्के जस्त आणि 2 टक्के शिसं मिळालं, पण ग्राफाइटने तिथेही पाठ सोडली नाही. तो मुळातच पाण्याने न भिजणारा. त्यामुळे फ्लोटेशनच्या, म्हणजे दळलेल्या दगडातून खनिज फेसावर तरंगवून वेगळं करायच्या, टाकीत शिशाच्या फेसाबरोबर आपसूक वर येतो आणि शिशाच्या मालात कार्बन वाढवतो. त्याला खाली दाबायला निग्रोसिन हा काळा रंग घालतात.