प्रकाशाच्या आधी पोचलेली बातमी

अतिनवताऱ्यांविषयी, म्हणजे स्फोट होऊन फुटणाऱ्या ताऱ्यांविषयी (सुपरनोव्हा) लिहिताना बहुधा स्फोटाच्या भव्यतेवर भर दिला जातो. मला मात्र या विषयाची खरी ओढ वाटते ती मोजमापामुळे. खगोलशास्त्रज्ञाला ताऱ्यावर प्रयोग करता येत नाही. निसर्गच क्वचित एखादा प्रयोग करून दाखवतो आणि त्या वेळी ज्याच्या नोंदी चोख असतील, त्याच्याच पदरात काही पडते.

नोव्हेंबर १५७२ मध्ये शर्मिष्ठा तारकासमूहात शुक्राशी बरोबरी करणारा एक नवा तारा, म्हणजे एक अतिनवतारा, दिसू लागला. तो पुष्कळांनी पाहिला, परंतु डेन्मार्कचा खगोलशास्त्रज्ञ टायको ब्राहे याने शेजारच्या ताऱ्यांपासूनची त्याची कोनीय अंतरे पुन्हा पुन्हा मोजली. तो चंद्राइतका जवळ असता, तर एकाच रात्रीत त्याची जागा इतर ताऱ्यांच्या तुलनेत सरकलेली दिसली असती. ती सरकली नाही, आणि चंद्रापलीकडचे आकाश कधीच बदलत नाही ही ॲरिस्टॉटलपासून चालत आलेली समजूत तेवढ्याने खिळखिळी झाली. त्या वेळी दुर्बीणही नव्हती.

तारा का फुटतो, हे कळायला विसावे शतक उजाडावे लागले. सूर्याच्या आठपटींहून अधिक वस्तुमानाच्या ताऱ्याच्या गाभ्यात एकेक इंधन संपत जाऊन शेवटी लोह साठते, आणि लोहाच्या संमीलनातून, म्हणजे त्याची अणुकेंद्रे जोडली जाण्यातून, ऊर्जा मिळण्याऐवजी ती खर्चच होते. या गाभ्याचे वस्तुमान सूर्याच्या सुमारे १.४ पट, म्हणजे चंद्रशेखर मर्यादेच्या आसपास गेले की त्याला स्वतःचा भार पेलवत नाही आणि साधारण पृथ्वीएवढा तो गोळा एका सेकंदाच्या आत कोसळतो. या कोसळण्यातून सुटणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे ९९ टक्के ऊर्जा न्यूट्रिनो, म्हणजे पदार्थातून जवळजवळ न अडता आरपार जाणारे अतिसूक्ष्म कण, घेऊन जातात. ज्या झगमगाटाने आपले डोळे दिपतात, तो उरलेल्या एका टक्क्याचाही अगदी लहान अंश असतो.

हे सारे बराच काळ कागदावरच होते. मग २३ फेब्रुवारी १९८७ चा दिवस आला. जपानमधील एका खाणीत हजारो टन पाण्याची कामिओकांडे ही टाकी होती. ती मुळात प्रोटॉनचा ऱ्हास होतो का, हे पाहण्यासाठी बांधलेली होती. त्या दिवशी या टाकीत, अमेरिकेतील एका मिठाच्या खाणीतल्या उपकरणात आणि कॉकेशस पर्वतातील बक्सान येथे काही सेकंदांत सगळे मिळून जेमतेम दोन डझन न्यूट्रिनोंची नोंद झाली. त्यानंतर सुमारे एका दिवसाने, चिलीतील लास कॅम्पानास वेधशाळेत इयन शेल्टन यांना नुकत्याच धुतलेल्या छायाचित्र-काचेवर एक ठळक ठिपका दिसला. काचेतच दोष असावा अशी शंका आल्याने ते बाहेर पडले आणि त्यांनी मान वर केली, तर मोठ्या मॅजेलॅनिक मेघात, म्हणजे आपल्या शेजारच्या एका दीर्घिकेत, तो तारा नुसत्या डोळ्यांना दिसत होता. सुमारे १ लाख ६८ हजार प्रकाशवर्षांच्या प्रवासानंतर न्यूट्रिनो प्रकाशाच्या आधी पोचले, कारण ते गाभ्यातून जवळजवळ थेट निसटतात, तर स्फोटाच्या धक्क्याला ताऱ्याचा पृष्ठभाग गाठायला काही तास लागतात. त्या दोन डझन नोंदींइतके मौल्यवान आकडे खगोलशास्त्रात फार थोडे असतील, असे मला मनापासून वाटते.

त्याच ताऱ्याने पुढे महिनोन्‌महिने आणखी एक गोष्ट दाखवली. त्याचे तेज एका ठरावीक गतीने उतरू लागले, आणि ती गती ७७ दिवस अर्धायुष्य असलेल्या, म्हणजे दर ७७ दिवसांनी निम्मा उरणाऱ्या, किरणोत्सारी कोबाल्ट-५६ च्या ऱ्हासाशी जुळली. स्फोटात तयार झालेल्या निकेलचे कोबाल्ट आणि कोबाल्टचे लोह होत होते; मूलद्रव्यांची घडण जणू डोळ्यांदेखत चालली होती. फुटलेला तारा मात्र अपेक्षेप्रमाणे तांबडा नसून निळा महाराक्षसी तारा निघाला, त्यामुळे ताऱ्यांच्या अखेरच्या अवस्थांची गणिते पुन्हा तपासावी लागली.

दुसऱ्या जातीचे, म्हणजे श्वेत बटूच्या (इंधन संपलेल्या ताऱ्याच्या लहान, घन अवशेषाच्या) स्फोटातून घडणारे ‘प्रकार १ए’ अतिनवतारे अंतर मोजायला उपयोगी पडतात. ते सर्व सारखेच तेजस्वी असतात, असे सर्रास लिहिले जाते. ते बरोबर नाही. जो अधिक तेजस्वी तो सावकाश मंदावतो, हा संबंध मार्क फिलिप्स यांनी १९९३ मध्ये दाखवून दिला आणि त्या दुरुस्तीनंतरच ही मोजपट्टी भरवशाची झाली. १९९८ मध्ये दोन स्वतंत्र गटांना दूरचे असे तारे अपेक्षेपेक्षा मंद आढळले, आणि विश्वाचे प्रसरण वेगावत आहे हा निष्कर्ष पुढे आला. श्वेत बटू फुटतो तो जोडीदाराकडून वायू ओढून घेतल्याने की दोन श्वेत बटू एकमेकांत मिसळल्याने, यावर अजूनही वाद आहे. इतकी मोठी मोजणी ज्यावर उभी आहे, त्याच्या मुळाशी असलेला हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो.

आपल्याच आकाशगंगेतला, नुसत्या डोळ्यांनी निःसंशय पाहिला गेलेला शेवटचा अतिनवतारा १६०४ सालचा आहे. त्यावर केप्लरने पुस्तक लिहिले, आणि गॅलिलिओची दुर्बीण आकाशाकडे वळली ती त्यानंतर पाच वर्षांनी. आता जगभरातील न्यूट्रिनो-शोधक उपकरणे एकमेकांशी जोडलेली आहेत. एकाच वेळी अनेक ठिकाणी न्यूट्रिनोंचा लोंढा आला, तर वेधशाळांना तत्काळ इशारा जाईल आणि पृष्ठभाग फाटून पहिला प्रकाश बाहेर पडण्याच्या आत दुर्बिणी त्या दिशेला वळवता येतील.