कोठ्यातली गाडी

दिवाळीआधी सोयाबीन विकलं आणि त्यातल्या एकोणीस हजारांत शेजारच्या गावातून शंभर सीसीची जुनी मोटरसायकल घेतली. 2014 ची, एमएच 29 म्हणजे यवतमाळ पासिंग. आमचं गाव घाटंजी तालुक्यात. शेत घरापासून चार किलोमीटर, आणि आईच्या गुडघ्यांना आता तेवढी चाल झेपत नाही. गाडी तिच्यासाठीच हवी होती. मालकाने काही लपवलं नाही. मुलगा कामाला पुण्याला गेला आणि गाडी अख्खा पावसाळा कोठ्यात उभी राहिली, एवढं त्यांनी आधीच सांगितलं. गाडी नावावर करायच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या त्याच दिवशी घेतल्या, विमा नावावर करायला टाकला आणि गाडी घरी आणली.

त्या सात-आठ किलोमीटरमध्येच सगळं कळलं. रेस दिली की गाडी गुदमरायची. चेन कव्हरला घासून खडखडत होती. डावा इंडिकेटर भराभर लुकलुकत होता आणि पुढचा ब्रेक दाबला तर नुसताच आवाज. मी कागदावर पार्टची यादी केली आणि फाट्यावरच्या मिस्त्रीभाऊंकडे गेलो. बाबांचे ते जुने सोबती. यादी वाचून त्यांनी परत माझ्या हातात दिली.

"पार्ट आणाची घाई काहून करतं? आधी गाडी धुऊन काढ. मंग एकेक काम कर, अन् एक झालं का चालवून पाय."

हे मी अक्षरशः पाळलं. दोन्ही चाकांच्या मडगार्डमध्ये पावसाळ्यातली काळी माती सिमेंटसारखी वाळून बसली होती. ती भिजवून, काडीने खरवडून काढायलाच सकाळ गेली. चाक मात्र लगेच हलकं फिरायला लागलं.

मग साइड कव्हर काढलं. एअर फिल्टरच्या डब्यात उंदराने घर केलं होतं. कापूस, सोयाबीनचं कुटार, पोत्याचे धागे, सगळं गोल आणि घट्ट रचलेलं. फिल्टरचा कागद कडेने कुरतडलेला. इंजिनला हवाच मिळत नव्हती, म्हणून प्लगही काजळीने काळा झालेला. फिल्टर नवा टाकला, प्लग घासून पुसून परत लावला. संध्याकाळी फाट्यापर्यंत गेलो तर गाडी चढावर तिसऱ्या गिअरमध्ये सरळ ओढत होती.

पण फाट्यावर रेस सोडली आणि गाडी बंद पडली. आधीच्या मालकाने स्लोचा स्क्रू, म्हणजे रेस सोडल्यावर इंजिन किती वेगाने चालू राहील ते ठरवणारा, वाढवून ठेवला होता, तो मी उगाच कमी केला होता. त्यामुळेच खरा दोष बाहेर आला. चोक अर्धा ओढला की गाडी चालते, सोडला की बंद. भाऊंनी ऐकल्याबरोबर सांगितलं, "स्लो जेट जाम आहे. खोल, पण तार घालू नको हं. पितळ नरम असते, भोक मोठं होते." स्लो जेट म्हणजे रेस सोडल्यावर इंजिनला पेट्रोल देणारी बारीक भोकाची पितळी नळी.

दुसऱ्या दिवशी अंगणात ताडपत्री अंथरली. पेट्रोल कॉक बंद केला, पेट्रोल आणि हवा मिसळणारा कार्बोरेटर काढला, स्क्रू आईच्या एका ताटात ठेवले. खालची वाटी उघडली तर तळाशी पाण्याचे दोन थेंब आणि पिवळट चिकट साका. पेट्रोल महिनोन्‌महिने तसंच राहिलं की उडून जातं आणि मागे असा थर सोडतं. जेट काढून उन्हाकडे धरला. आरपार काहीच दिसेना. रात्रभर ताज्या पेट्रोलमध्ये बुडवून ठेवला आणि सकाळी सायकलच्या पंपाने हवा मारली. पहिल्यांदा काही नाही. तिसऱ्यांदा मारून परत उन्हाकडे धरला तेव्हा मोहरीहूनही बारीक उजेडाचा ठिपका दिसला. मी ओरडलोच. आई स्वयंपाक सोडून बाहेर आली, तिलाही दाखवला.

जोडल्यावर इंजिन चांगलं गरम होऊ दिलं. हवेचा स्क्रू हलकेच शेवटपर्यंत बसवला आणि मग उलटा सोडत नेला. पावणेदोन फेऱ्यांवर आवाज एकसारखा झाला. हे थंड इंजिनवर केलं तर सगळं परत करावं लागतं.

इंडिकेटरचं काम पाच मिनिटांचं निघालं. एका बाजूचा इंडिकेटर भरभर लुकलुकत असेल तर त्या बाजूचा एखादा बल्ब वीज घेत नसतो. मागचा बल्ब चांगला होता, त्याचा होल्डर गंजला होता. पॉलिश पेपर फिरवला, झालं. पुढच्या ब्रेकचे शू पुष्कळ शिल्लक होते, नुसते चकाकत होते. ड्रम ओल्या फडक्याने पुसला, शूवर पॉलिश पेपर मारला, सुकलेल्या केबलमध्ये तेल सोडलं.

चेन मात्र साफ करून भागलं नाही. चाक फिरवत चार ठिकाणी ताण पाहिला. एका जागी टाइट, दुसरीकडे ढिली. मागच्या स्प्रॉकेटचे, म्हणजे चेन फिरते त्या चकतीचे, दात विळ्याच्या टोकासारखे वाकलेले. अशावेळी नुसती चेन बदलू नये, जुने दात नवी चेन खातात. पूर्ण सेट टाकला. मधोमध बोटाने वर-खाली केली तर अडीच सेंटीमीटरच्या आसपास हलेल एवढीच ताणली, आणि दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या आहेत का ते दोनदा पाहिलं. नाहीतर चाक तिरकं बसतं.

मागच्या टायरवर 2415 असे चार आकडे होते, म्हणजे 2015 सालातला चोविसावा आठवडा. नक्षी बरी दिसत होती, पण बाजूला बारीक भेगा. आईला मागे बसवायचं तर त्या टायरवर नाही, हे मी ठरवलं होतं. कापसाच्या पहिल्या वेचणीचे पैसे आले तेव्हा तो बदलला.

त्यानंतरच्या सोमवारी आई पहिल्यांदा गाडीवर बसली, एका हातात डबा, काखेत कापूस वेचायची ओटी. धुऱ्यावर गाडी थांबवली. ती सावकाश उतरली, लुगडं सारखं केलं, डबा बोरीच्या सावलीला ठेवला. मी रेस सोडून बसलो होतो आणि गाडी आपली चालू होती.