तुम्ही विचारलंत म्हणून: पाणी तपासायचे सोडून प्राणिप्लवक कशाला?

धरणात सांडपाणी मिसळते का हे पाहायचे, तर पाणी तपासावे, जाळे ओढून प्राणिप्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे हे बारीक प्राणी, कशाला गोळा करता, असे मला काठावरचे मासेमार नेहमी विचारतात. प्रश्न रास्त आहे. बाटलीत भरलेले पाणी त्या घटकेचे असते. रात्री पाऊस पडला किंवा वरून विसर्ग सुटला की त्याचे आकडे बदलतात. दोन-तीन मिलिमीटरचा डॅफ्निया हा प्राणिप्लवक मात्र शैवालाचे कण गाळून खात वाढतो आणि मागच्या कित्येक दिवसांचे खाणे त्याच्या अंगात उतरलेले असते.

ते खाणे कुठून आले हे ओळखता येते स्थिर समस्थानिकांमुळे, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या कमी-अधिक वस्तुमानाच्या, किरणोत्सर्ग न करणाऱ्या अणूंमुळे. नायट्रोजनच्या हजार अणूंत चारहूनही कमी अणू जड, म्हणजे १५ वस्तुमानाचे असतात. बाकीचे १४ चे. हवेतले जड अणूंचे प्रमाण शून्य धरून, नमुन्यातले प्रमाण त्याहून दर हजारी किती जास्त, हे मोजतात. युरियातला नायट्रोजन मुळात हवेतलाच, त्यामुळे तोही शून्याच्या आसपास राहतो. मैलापाण्यातून अमोनिया उडताना मात्र हलके अणू आधी निघून जातात आणि मागे राहिलेला नायट्रोजन जड होत जातो, अनेकदा दर हजारी १० ते २० पर्यंत. हाच फरक शैवालातून डॅफ्नियात उतरतो. उजनी धरणात पुण्याचे सांडपाणी मुळा-मुठा आणि भीमेतून येते, काठाला उसाचे मळेही आहेत. तिथे साध्या चाचणीत नायट्रेट किती ते कळते, पण ते शहराचे की शेताचे, हे कळत नाही, आणि उपाय कुठे करायचा ते तर त्यावरच ठरते.

तरीही आकडा चढला म्हणजे सांडपाणीच, असे मी लिहीत नाही. अन्नसाखळीच्या प्रत्येक पायरीला नायट्रोजन सरासरी दर हजारी ३.४ ने जड होतो, म्हणून इतर प्लवक खाणारा सायक्लॉप्स स्वच्छ तळ्यातही डॅफ्नियाच्या वर दिसू शकतो. जाळ्यातले सगळे एकत्र वाळवून मोजले, तर शिकाऱ्यांची संख्या वाढल्याचा परिणाम आपण प्रदूषणाच्या खात्यावर मांडून बसू. त्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली एकेक जात वेगळी काढावी लागते, आणि एका मोजणीला लागणारे अर्धा-एक मिलिग्रॅम कोरडे वजन भरायला डॅफ्निया डझनांनी लागतात. त्यांच्या पारदर्शक अंगातून आतड्याची हिरवी रेघ स्पष्ट दिसते. ती फिकी होईपर्यंत त्यांना गाळलेल्या पाण्यात काही तास ठेवतो, कारण ते न पचलेले शैवाल असते आणि मला मोजायचे असते ते त्यांच्या अंगी लागलेले अन्न.