मुरूड पुन्हा हुकलं, पण इंजिन का तापतं ते सापडलं

शिडाच्या बोटीनं मुंबईहून मुरूडची ही तिसरी खेप, आणि या वेळी अलिबागजवळच्या खांदेरी बेटाच्या अलीकडूनच परतलो. तरी लिहितोय, कारण इंजिनाचं कोडं काल रात्री सुटलं.

अष्टमी होती. भरतीची वेळ तिथीच्या पाऊणपट, म्हणजे आठाची पाऊणपट, ६ ला पूर्ण भरती. ओहोटी धरून अपोलो बंदरातून निघालो. जमिनीकडून येणाऱ्या मतलई वाऱ्यावर मेनसेल, जिब ही दोन्ही शिडं छान भरली, कुलाब्याच्या टोकाचा प्राँग्सचा दीपस्तंभ मागे पडला. १० ला वारा पडला. इंजिन लावलं, तर १८०० आरपीएमवर विसाव्या मिनिटाला अलार्म. इंजिन थंड करून एक्झॉस्टमधून बाहेर पडणाऱ्या समुद्राच्या पाण्याची धार जेमतेम करंगळीएवढी.

सी-कॉक (हे पाणी आत घेणारा व्हॉल्व्ह) बंद करून स्ट्रेनर, म्हणजे गाळणी, उघडला, तर आत प्लॅस्टिकची पिशवी. मुंबईच्या पाण्यात हे नेहमीचंच, वाटलं, सुटलो. पुन्हा तेच. बेल्ट ठीक, कूलंट ठीक. इम्पेलर, म्हणजे पाणी खेचणाऱ्या पंपातलं रबरी पात्यांचं चक्र, गेल्या महिन्यातच बदललेला, सहाही पाती शाबूत. १२ नंतर भरती लागली आणि आम्ही मागे सरकू लागलो. खांदेरीचा १८६७ चा दीपस्तंभ समोर होता, तो लांब जाताना बघवेना. बाजूला थळच्या जाळ्यांचे बोये. एका होडीवरून तांडेलकाका ओरडले, "शीड हाय ना तुमच्याकडं? वारा येल दीडला, थांबा!"

पावणेदोनला वायव्येचा वारा आला. मुरूडला जायला उत्तम, पण इंजिनाशिवाय अंधारात जाळ्यांतून नांगराची जागा शोधायची नाही, यावर मेव्हण्याचं नि माझं लगेच एकमत झालं. परतताना भरती सोबतीला, वाऱ्यासाठी एकही नागमोडी वळण (टॅक) न घेता बंदरात! मुरिंगही (बोट बांधायचा बोया) शिडावरच धरलं, दुसऱ्या फेरीत. ते सुख अजून अंगात आहे.

रात्री पंपाचा पुढचा होज काढून बादलीत सोडला. धो धो पाणी. म्हणजे अडथळा त्याच्या पुढे. हीट एक्स्चेंजरचा (समुद्राच्या पाण्यानं कूलंट थंड करणारा भाग) एल्बो, म्हणजे वळणाचा जोड, उघडला, तर तोंडाशी रबराची दोन काळी पाती अडकलेली. जुन्या इम्पेलरची! नवा बसवताना ती शोधायलाच हवी होती. जुना इम्पेलर 'अगदी ओरिजिनलसारखा' म्हणून स्वस्तात घेतलेला. आता अस्सलच, थांबावं लागलं तरी. पाती काढल्यावर १८०० वर ४० मिनिटं चालवलं, काटा हलला नाही.

ऑटोपायलटचे पैसे आधी एक्झॉस्ट होजवरच्या तापमान-अलार्मला. आणि हे लिहितानाच सुचलं: अष्टमीऐवजी दशमीला निघावं. साडेसातला पूर्ण भरती, म्हणजे ओहोटी दीडपर्यंत. वारा पडला तरी पाणी दक्षिणेलाच नेईल, आणि ते थांबेपर्यंत वायव्येचा वारा लागेल. पुढच्या दशमीला बघतो.