तेसोतल्या गावातला बंद हापसा चालू करताना – माझा अनुभव

आम्ही मूळचे जालन्याचे. नवरा पाळक, मी नर्स, दोन मुलं, आणि आता काही वर्षं युगांडात तेसो भागात राहतोय, सोरोटी शहरापासून बरंच आत, मातीच्या रस्त्यावरचं गाव आहे. घरच्या मंडळींना वाटतं मिशनरी म्हणजे दिवसभर प्रवचन नी प्रार्थनासभा. तेही असतंच, पण इथला दिवस पाण्यापासून सुरू होतो. उजाडायच्या आधी पिवळे वीस लिटरचे जेरीकॅन घेऊन बायका-मुली निघतात, त्यात मीही असते, मग मी हेल्थ सेंटरला जाते, मलेरियाच्या टेस्ट, गरोदर बायकांची तपासणी, लसीकरण. नवरा आसपासच्या छोट्या चर्चमधल्या ले-रीडर लोकांना, म्हणजे पाळक नसताना उपासना चालवणाऱ्या गावातल्याच माणसांना, शिकवतो, कुणाकडे मयत झाली की दोन दोन दिवस तिकडेच असतो, कारण इथे मयतीला अख्खा परिसर जमतो आणि पाळक मधेच उठून आलेला कुणाला चालत नाही. मुलं गावच्याच प्रायमरीत जातात. खाण्याचं म्हणाल तर आपल्याला परकं असं काही नाहीच, नाचणी आहे, ज्वारी आहे (लालसर, पण भाकरी छान होते), शेंगदाणे तर घरोघरी, नाचणीची घट्ट उकड करतात तिला अताप म्हणतात, चिंचेच्या पाण्यात केलेली असली तर माझी मुलं दोनदा मागून घेतात. शेतंही बैलांनीच नांगरतात, बैलाचा नांगर इथे 1910 च्या सुमारास आला आणि मग कापसाबरोबर सगळीकडे पसरला, त्यामुळे मराठवाड्यातल्या माणसाला पहिल्या आठवड्यातच इथे बरं वाटायला लागतं.

तर मुद्दा हापशाचा. 2003 मध्ये एलआरएचे (लॉर्ड्स रेझिस्टन्स आर्मीचे) बंडखोर तेसोत घुसले तेव्हा हजारो लोक गावं सोडून कॅम्पात गेले, नंतर लोक परत आले तेव्हा बाहेरच्या संस्थांनी ठिकठिकाणी बोअर पाडून दिले, आमच्या गावचा त्यातलाच. संस्था आली, बोअर पाडला, फोटो काढले आणि गेली. हापसा कुणाचा हे मात्र कधी ठरलंच नाही. वर्षानुवर्षं चालला, मग पाणी लाल यायला लागलं. सकाळी पहिलं पाणी तर गंजाचंच, चहा काळा व्हायचा, पांढरे कपडे पिवळे पडायचे, आणि दांडा मारत राहायचं तरी पाणी वर यायला वेळ लागायचा. आधी पन्नास वेळा हापसायचं तेव्हा धार. मग शंभर. मग एक दिवस दांडा नुसताच हलका झाला, खाली काही पकडच नाही.

लोक पाणथळीकडे वळले. तिथेच गुरं पाणी पितात. पुढच्या काही आठवड्यांत हेल्थ सेंटरला जुलाबाची मुलं किती वाढली ते मी रजिस्टरमध्ये रोज लिहीत होते. ओआरएस द्यायचं, झिंकच्या गोळ्या द्यायच्या आणि आईला सांगायचं पाणी उकळून दे, पण उकळायला लाकूड तिनेच डोक्यावरून आणायचं असतं. माझा जीव तुटायचा हे सांगताना.

आता खरं सांगायचं तर जालन्याच्या आमच्या चर्चच्या मंडळीला एक व्हॉट्सॲप मेसेज टाकला असता तर आठवड्यात पैसे जमले असते. आपल्याकडच्या लोकांचं मन मोठं आहे. पण आम्ही दोघांनी बसून प्रार्थना केली, बोललो, आणि ठरवलं की नाही, हा हापसा आमच्या पैशाने चालू करायचा नाही. मी यावर आजही ठाम आहे. पाहुण्याने दुरुस्त केलेला हापसा पुन्हा बंद पडला की लोक पुन्हा पाहुण्याचीच वाट बघतात, आणि पाहुणा कायमचा नसतो.

मग एलसी वनचे चेअरमन, म्हणजे आपल्या सरपंचासारखे समजा, त्यांना भेटलो. जिल्ह्याच्या ऑफिसातून उत्तर आलं की यंदा बजेट संपलं. चेअरमननी आंब्याच्या झाडाखाली मीटिंग लावली. नियमाप्रमाणे प्रत्येक बोअरला वॉटर युजर कमिटी असते, आमची कागदावर होती, माणसं केव्हाच पांगलेली, आणि आधी गोळा केलेल्या पैशांचा हिशोब कुणाकडेच नव्हता. दोन तास त्यावरच भांडण. मी मधे पडले नाही, नवऱ्यालाही हाताने खूण केली की गप्प बसा. जुना राग एकदाचा बाहेर आला तेव्हा कुठे नवीन कमिटी झाली. ट्रेझरर म्हणून एका वयस्क विधवा बाईंना निवडलं, सगळे त्यांना टोटो म्हणतात, म्हणजे आई, मीही तेच म्हणते. त्या बचतगटाचा हिशोब सांभाळतात, आणि त्यांच्या पेटीला तीन कुलुपं, चाव्या तीन वेगवेगळ्या घरात.

घरटी महिन्याला हजार शिलिंग ठरले. पहिल्यांदा फारसे आलेच नाहीत. टोटो म्हणाल्या, आत्ता कुणाच्या हातात पैसा आहे का, शेंगा निघू देत. आणि तसंच झालं, शेंगा निघाल्या तसे पैसे यायला लागले, ज्यांच्याकडे रोकड नव्हती त्यांनी शेंगाच आणून दिल्या, कुणी कोंबडी दिली, टोटोंनी ते बाजारात विकून वहीत ज्याच्या त्याच्या नावावर लिहिलं. आम्हीही इतर घरांएवढेच दिले, एक शिलिंग जास्त नाही. त्याच सुमाराला रविवारच्या उपासनेत आमच्या ले-रीडरनी उत्पत्ती 26 घेतला, इसहाक आपल्या बापाच्या बुजलेल्या विहिरी परत उपसतो तो भाग. नवऱ्याने त्यांना काही सुचवलं नव्हतं. ते एवढंच म्हणाले की इसहाकाने परक्याला बोलावलं नाही, स्वतःच्या माणसांना घेऊन खणलं. त्यानंतर बाकी राहिलेल्या घरांतून पैसे आले.

मग हँडपंप मेकॅनिकला बोलावलं. इथला हापसा यू-टू म्हणतात, आणि मी तो पहिल्यांदा जवळून बघितला तेव्हा ओळखीचाच वाटला, कारण तो आपला इंडिया मार्क टूच आहे. त्या इंडिया मार्क टूची मुळं कुठे तर जालन्यात! साठच्या दशकाच्या शेवटी, दुष्काळाच्या काळात, चर्च ऑफ स्कॉटलंडच्या जालना मिशनने बोअरसाठी मजबूत लोखंडी हापसा बनवला, पुढे सोलापूरच्या लोकांनी तो सुधारला आणि सत्तरच्या दशकात युनिसेफबरोबर त्याचा मार्क टू झाला. आमचे आजोबा मिशन कंपाउंडमधल्या हापशाच्या गोष्टी सांगायचे. हे मी मेकॅनिकला सांगितलं तर त्याने पाना माझ्या हातात दिला, म्हणाला मग तूच खोल.

मी खरंच वरचं झाकण खोललं, चेनचा बोल्ट काढला. पुढचं काम मात्र ताकदीचं. तीन पायांचं तिकटं उभं केलं, क्लॅम्प लावला, नी एकेक तीन मीटरचा पाईप वर ओढायचा, क्लॅम्पने पकडायचा, सांधा सोडवायचा, आतला रॉड सोडवायचा, मग पुढचा. क्लॅम्प सुटला तर सगळी लाईन बोअरमध्ये जाते, म्हणून मेकॅनिकने कुणाला बोलूच दिलं नाही. वरचे चार पाईप बरे होते. पाचव्याच्या आट्यांजवळ बोटभर भोक, कडा पातळ झालेल्या, दाबलं की पापुद्रे निघत होते. त्याच्या खालचे तर आणखी वाईट, आणि सिलिंडरमधले वॉशर झिजून गेलेले. जस्ताचा मुलामा दिलेले जीआय पाईप इथल्या आम्लधर्मी पाण्यात टिकत नाहीत, लाल पाणी त्याचंच. सरकारनेही आता हापशाला असे पाईप घालू नका म्हणून सांगितलंय, पण जमिनीखाली जे जुने आहेत ते आहेतच.

मग प्रश्न असा की तेच स्वस्त पाईप परत घालायचे का स्टेनलेस स्टीलचे. कमिटीत दोन तट पडले. टोटोंनी तो सडलेला पाचवा पाईप मीटिंगच्या मधोमध ठेवला आणि विचारलं, हा परत विकत घ्यायचाय का कुणाला? स्टेनलेसचं ठरलं, पैसे कमी पडत होते म्हणून पुढच्या हंगामापर्यंत थांबायचंही ठरलं. ते थांबणं मला फार जड गेलं, रोज जुलाबाची लेकरं समोर, तेव्हा क्लोरीनच्या गोळ्या जेवढ्या मिळतील तेवढ्या वाटल्या. पण थांबलो.

खरेदीला मेकॅनिक, चेअरमन आणि टोटो गेले. मेकॅनिकने खिशात लोहचुंबक नेलं होतं. एका दुकानात स्टेनलेस म्हणून दाखवलेल्या पाईपला ते चट्कन चिकटलं, हे तिघं तसेच बाहेर. चिकटलं नाही म्हणजे माल चांगलाच अशी खात्री नसते, पण चिकटलं तर घ्यायचाच नाही एवढं नक्की. जिथे घेतला तिथून पक्कं बिल लिहून आणलं.

पाईप उतरवले, नवीन वॉशर, चेनला ग्रीस. बोअरमध्ये क्लोरीन टाकलं, आपल्याकडे ग्रामपंचायतवाले विहिरीत टीसीएल टाकतात तसंच, रात्रभर ठेवलं, सकाळी वास जाईपर्यंत पोरांनी आळीपाळीने हापसून सगळं पाणी बाहेर काढलं. मग स्वच्छ धार आली तेव्हा बायकांनी जो काही आवाज काढला, माझ्या तर डोळ्यात पाणीच आलं. प्रार्थना टोटोंनी केली, पाळकांनी नाही.

आता हापशाभोवती काट्यांचं कुंपण आहे, गुरं आत येत नाहीत, सांडपाण्याची चारी पोरं दर शनिवारी साफ करतात. रजिस्टरमध्ये जुलाबाच्या नोंदी कमी झाल्यात, बंद नाही झाल्या, कारण हात धुणं आणि संडास हे वेगळं काम आहे आणि ते चालू आहे. महिन्याचे हजार शिलिंग अजून घेतले जातात, पेटीत चेन आणि बेअरिंगपुरते पैसे बाजूला ठेवलेत. शेजारच्या पॅरिशमधल्या, म्हणजे पलीकडच्या गावांच्या गटातल्या, लोकांचा हापसा बंद आहे, ते गेल्या महिन्यात आमच्या दारात आले, मी त्यांना टोटोंच्या घरी पाठवलं. टोटो वही आणि तो सडका पाईप घेऊन सायकलवर मागे बसून त्यांच्या मीटिंगला गेल्या. त्या दिवशी माझं लसीकरण होतं.